तिसऱ्या ठोक्यावर भार

मी एक जुनी धनुकली आहे. कापूस पिंजायची; आमच्याकडे मला धुनकीही म्हणतात. मित्रांनो, तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मला कधी पाहिलं नसेल. ज्यांनी पाहिलं त्यांना मी एखादं मोडकं वाद्य वाटले असेन. यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णीतल्या एका पोरानं तर मला पाहून विचारलं होतं, "यानं डुक्कर मारते काय?" मला राग आला, पण करते काय? म्हाताऱ्या माणसाला आणि जुन्या अवजाराला कोणीही काहीही बोलून घेतं.

माझं अंग सागाचं आहे. पुसदच्या बाजारातल्या एका सुतारानं मला घडवलं आणि आर्णीच्या एका पिंजाऱ्यानं मला खांद्यावर टाकून घरी आणलं. त्याचा मुलगा रहमत तेव्हा लहान होता. माझ्या एका टोकाला रुंद फळी आहे, दुसरं टोक वाकडं आहे आणि दोन्हींच्या मध्ये बकऱ्याच्या आतड्याची तांत ताणून बांधलेली असे. ही तांत कापसाच्या ढिगात धरायची आणि लाकडी मुठियेनं तिच्यावर ठोका मारायचा. तांत थरथरली की दबून गोळा झालेला कापूस फुलून वर उडे आणि घाण खाली बसे. खाली बसे ती जड घाण. हलकी घाण कुठं जात होती, हे त्या काळात कोणी विचारलं नाही.

माझ्या तरुणपणी माझा काय थाट होता! दिवाळी झाली की रहमत मला घेऊन गल्लीगल्लीतून फिरे. ओरडायची गरजच नसे. माझी तांत एकदा टण्ण वाजवली की बाया दारात येत. घरच्या शेतातला नवा कापूस अंगणात ओतला जाई आणि मी दिवसभर गाजत राही. लग्नघरी तर माझ्यावाचून पानही हलत नसे, कारण नवरीबरोबर गादी द्यायची ती माझ्या हाताखालून गेलेलीच. रहमतची बायको रौशन खोळी शिवी. तिचा टाका असा बारीक की गादी फाटेल पण टाका उसवणार नाही, असं लोक म्हणत.

आमच्या भागात एक रीत आहे. पिंजारी काम आटोपून उठला की घरच्या बाईनं त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा आणि तांब्याभर पाणी द्यायचं. गुळानं कापूस पोटात उतरतो, छातीत राहत नाही, अशी सगळ्यांची समजूत. रहमतचीही होती. त्याचे वडील आयुष्यभर गूळ खाऊन शेवटी खोकतच गेले, पण त्याचा दोष कोणी गुळाला दिला नाही. बिड्या प्यायचे म्हणाले, आणि विषय संपवला.

आता विमलताईंची गोष्ट सांगते. विमलताई आर्णीच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत. त्यांचे यजमान सदाशिवराव यांची कापसाची शेती होती, त्यामुळे त्यांच्या अंगणात आमचं दरवर्षी चार दिवसांचं काम असे. संध्याकाळी ओसरीवर दहावीची मुलं शिकवणीला बसत. पहिल्या वर्षी ताई माझ्यावर फार चिडल्या होत्या. "रहमतभाई, तुमचं ते ढणढण जरा थांबवा हो, मुलांना माझा आवाज ऐकू येत नाही!" असं त्या म्हणाल्या. ढणढण म्हणे! ज्या आवाजासाठी बाया दारात येऊन उभ्या राहत, त्याला ही बाई ढणढण म्हणते, म्हणून मी मनातून फुगून बसले.

त्या दिवशी मुलं 'एक्झॅमिनेशन' हा शब्द म्हणायला शिकत होती. म्हणत कसली होती, गाडीतून पोती उतरवावीत तसा एकेक तुकडा धपकन टाकत होती. एक्, झॅ, मि, ने, शन. सगळे सारख्याच वजनाचे. ताई सांगून सांगून थकल्या की इंग्रजीतल्या लांब शब्दाचे सगळे तुकडे सारखे नसतात, एकावर भार पडतो आणि बाकीचे हलके निघून जातात. पोरांच्या डोक्यात काही शिरेना. तेवढ्यात रहमतनं पुन्हा काम सुरू केलं. पिंजाऱ्याचा हात कधी सारखा चालत नाही. आधी हलके ठोके मारून तो कापूस मोकळा करतो, मग एक जोराचा मारून वर उडवतो. ताई बोलता बोलता गप्प झाल्या आणि ओसरीच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या.

"रहमतभाई, तीन हलके मारा, चौथा जोरात, आणि वर एक हलका. जमेल?"

"हौ, त्यात काय?" रहमत म्हणाला आणि त्यानं मारले. टुक टुक टुक ढण टुक.

"ऐका रे!" ताई मुलांकडे वळून म्हणाल्या. "एक्-झॅ-मि-ने-शन! कळलं? शेवटी शन आलं की भार त्याच्या अगोदरच्या तुकड्यावर. एज्युकेशन. इरिगेशन. कल्टिव्हेशन. सगळ्यांना एकच नियम."

अशी मी मास्तरीण झाले, मित्रांनो. हसू नका. ढणढण म्हणणाऱ्या त्याच बाईनं मला ओसरीपाशी मानाची जागा दिली.

रहमतबरोबर त्याची मुलगी अतिया येत असे. खोकल्यानं त्याला अधूनमधून दम लागे, तेव्हा पिंजलेला कापूस ती गोळा करी. मुलगी सहावीत होती आणि कान मोठे तिखट होते. ताईंनी तिला एक दिवस हाक मारून मुलांत बसवलं. "काम झाल्यावर नाही, आत्ताच बस. कापूस कुठं पळून जात नाही," म्हणाल्या.

ताईंनी मुलांना माझ्या तांतीवर काय काय दाखवलं! फोटोग्राफ म्हणताना पहिल्या तुकड्यावर भार. फोटोग्राफी म्हटलं की तोच भार दुसऱ्यावर सरकतो. फोटोग्राफिक म्हटलं की त्याच्याही पुढे जातो. रजत नावाचा एक वांड मुलगा होता, तो वैतागून म्हणाला, "मॅडम, येवढं लंबं कायले म्हनाव लागते? फोटो म्हनलं का काम होते!" सगळी ओसरी हसली. ताईही हसल्या आणि त्यांनी त्याच्यासाठीच पुढचा शब्द काढला, 'इर्रेग्युलर'. "रेग्युलर म्हणजे नियमित. पुढं इर् लावला की नाही. नियमित नाही. म्हणजे कोण?" मुलं एका सुरात ओरडली, "रजत!"

ताई पुन्हा पुन्हा एक गोष्ट बजावत. बोलायचे तुकडे वेगळे आणि अर्थाचे तुकडे वेगळे. तोंडानं म्हणताना ठोक्यावर तोडायचं. अर्थ शोधताना मात्र पुढचं आणि मागचं शेपूट बाजूला काढायचं, म्हणजे सरकी काढल्यावर रुई उरावी तसा मधला गाभा उरतो. गाभा ओळखीचा निघाला की शब्दाला भ्यायचं कारण नाही. अतियानं ही गोष्ट पक्की धरली.

रहमतला इंग्रजीचा गंध नव्हता, पण त्याला या खेळाची गोडी लागली. गल्लीत शिरताना तो आता नुसतं टण्ण न करता एखादा शब्दच वाजवी आणि पोरं मागे धावत ओरडत, "एज्युकेशन!" "नाही बे, इरिगेशन!" दोन्हींचा ठोका एकच, म्हणून भांडणं होत. रहमत मुठिया वर करून न्याय देई, "दोघंही पास!" घरी अतिया बोटांनी माझ्या लाकडावर शब्द वाजवी आणि बापानं ओळखायचा. तिला दिसेल त्या वस्तूवर बोटं वाजवायची सवयच लागली होती. ती वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं होती, हे मी कोणाची भीड न धरता सांगते.

मग कापसाची वाईट वर्षं आली. तुम्ही त्यांच्याबद्दल मोठ्या माणसांकडून ऐकलं असेल. लोक शेताबद्दल बोलतात, मी गादीबद्दल सांगते. घरचा नवा कापूस गादीत घालायची कोणाची हिंमत राहिली नाही. निघाला तेवढा बाजारात जाई. सदाशिवरावांसारखे खातेदारही म्हणू लागले, "रहमत, आवंदा नवा नाही बाप्पा. जुन्याच गाद्या फोडून पिंजून दे." ज्यांना परवडलं त्यांनी स्पंजच्या गाद्या आणल्या. उरलेल्यांनी दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं वापरलेल्या गाद्या आमच्यापुढे टाकल्या. त्यांच्यात कापूस कमी आणि माती, भुगा, धूळ जास्त. त्याच गादीचा कापूस पुढच्या वर्षी पुन्हा, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. मी ठोका मारला की धुराचा लोट उठावा तशी धूळ उठे आणि त्या धुळीत रहमतचं तोंड दिसेनासं होई.

त्यातच त्याच्या पुतण्यानं, इम्तियाजनं, आर्णीत पिंजायचं मशीन टाकलं. पत्र्याची बंद शेड आणि आत आमिर नावाचा गडी. माझं दिवसभराचं काम ते मशीन तासात उरके. मग आमच्याकडे येऊ लागल्या त्या मशीननंही नाकारलेल्या गाद्या.

रहमतच्या छातीचं एक विचित्र होतं. जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, तो काम बंद ठेवी. त्या दिवशी बरा असे, हसे, चहा पिई. शनिवारी मला हातात घेतलं की छाती आवळून येई आणि श्वास शीळ घालू लागे. मंगळवारपर्यंत जरा सैल पडे, पुन्हा शनिवारी तेच. लोक चेष्टा करत, "रहमतले शनी लागला." रहमतही हसे आणि गुळाचा खडा मागून घेई. मलाही तेव्हा ती चेष्टाच वाटली.

अखेर रौशननं हट्ट धरला. "अतियाचे अब्बा, तुमी नाही गेले तं मी सोता मोटरीत बसवतो तुमाले." तेव्हा रहमत यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात जायला निघाला. अतिया बारावीला होती, ती सोबत. आणि मीही सोबत, कारण परत येताना लोहाऱ्याकडच्या नव्या वस्तीत एखादं काम मिळालं तर पाहू, असा त्याचा बेत. रिकाम्या हातानं गावाला जाणं त्याला माहीतच नव्हतं. एस.टी.च्या कंडक्टरनं माझ्यावरून कटकट केली, पण घेतलं.

दवाखान्यात मला तपासायच्या खोलीच्या भिंतीला टेकवून ठेवलं. मोठे डॉक्टर होते, भोवती शिकणारी चार-पाच मुलं. रहमतची छाती त्यांनी ऐकली, एका नळीत फुंकायला लावलं, एक्स-रेचा फोटो उजेडासमोर धरला. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. जवळ येऊन त्यांनी माझ्या तांतीवरून बोट फिरवलं आणि बोटाला लागलेली रुई मुलांना दाखवली. रहमतला तेव्हा खोकल्याची अशी उबळ आली होती की त्याला कशाचं भान नव्हतं. डॉक्टर मुलांशी भराभर इंग्रजीत बोलले. त्यातला एकच शब्द त्यांनी सावकाश आणि स्पष्ट उच्चारला. मुलांनी माना हलवल्या. मग ते रहमतकडे वळले आणि मराठीत म्हणाले, "गोळ्या देतो. धुळीपासून जरा जपा. पुढचा कोण आहे?"

ते वाईट नव्हते, मित्रांनो. बाहेर व्हरांडाभर माणसं बसली होती. पण शिकणाऱ्या मुलांना जे कळलं ते ज्याची छाती होती त्याला कळलं नाही, हे मी डोळ्यांसमोर पाहिलं.

अतिया माझ्यापाशी उभी होती. तिची बोटं माझ्या लाकडावर आली. टुक टुक ढण टुक टुक. पाच तुकडे, तिसऱ्यावर भार. तिनं पुन्हा वाजवलं, आणखी हळू. मग बोटं थांबली आणि नुसती दाबून राहिली. ती शब्दाची शेपटं काढत होती, हे मला कळलं. गाभा निघाला 'रिव्हर्स'. आर्णीत टेम्पो मागे घेताना गॅरेजची पोरं दिवसभर ओरडत असतात तो. पुढं इर्. मागं इबल. माझ्या लाकडावर तिचा तळहात गार पडला.

स्टँडवर गाडीची वाट पाहत बसलो, तेव्हा रहमतला बरं वाटत होतं. तो म्हणाला, "तिथं डाक्टरापाशी काय वाजवून राह्यली होती वं? पाच होते. तिसरा भारी. म्या पाह्यलं."

 अतियानं बापाकडे पाहिलं आणि ती हसली. तिचं ते हसणं मला अजून नको वाटतं.

"युनिव्हर्सिटी," ती म्हणाली.

रहमतनं मांडीवर वाजवून पाहिलं. यु-नि-व्हर्-सि-टी. बरोब्बर बसलं. "युनिव्हर्सिटी? डाक्टर म्हनला?"

"हौ अब्बा. म्हनत होते, पोरगी हुशार दिसते, हिले पुढं युनिव्हर्सिटीत पाठवा."

सतरा-अठरा वर्षांच्या पोरीनं बापाचं मन राखायला जे पहिलं सुचलं ते सांगितलं. दुसऱ्या कोणी काय वेगळं केलं असतं? पण त्या सांगण्यानं रहमतच्या अंगात वारं शिरलं. डॉक्टरनं सांगितलं म्हणजे दगडावरची रेघ! लोहाऱ्याला न थांबता तो थेट घरी आला आणि रौशनला म्हणाला, "पोरगी अमरावतीले जाईन. युनिव्हर्सिटीत. म्या पाठवीन." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं माझी तांत नवी बांधली.

त्यानंतर त्यानं जे काम केलं, तसं त्याच्या भरात असतानाही केलं नव्हतं. एकाही गादीला नाही म्हणाला नाही. आर्णी सोडून आसपासच्या खेड्यांत जाऊ लागला. दवाखान्यातल्या, वसतिगृहातल्या, उंदरांनी घर केलेल्या गाद्या फोडल्या. अतिया म्हणे, "अब्बा, बस करा, मले नाही जायचं अमरावतीले." तो म्हणे, "तुले काय समजते? डाक्टर येडा होता काय?" ती म्हणे, "तोंडाले कपडा तरी बांधा." तो बांधे, आणि दम कोंडला की ओढून काढे. खरं सांगितल्याशिवाय तो थांबणार नव्हता आणि खरं तिच्या जिभेवर येत नव्हतं.  दोन हंगाम असे गेले.

दुसऱ्या हंगामात आम्ही विमलताईंकडे गेलो. ताई आता निवृत्त झाल्या होत्या. रीतीप्रमाणे त्या गुळाचा खडा घेऊन अंगणात आल्या आणि रहमत अभिमानानं म्हणाला, "ताई, तुमची मेहनत कामी आली. यवतमाळच्या डाक्टरनंच सांगतलं, पोरीले युनिव्हर्सिटीत टाका म्हनून."

ताई चकित झाल्या. छातीचा डॉक्टर असं कशाला सांगेल? त्यांनी अतियाला आत बोलावलं. मी दाराला टेकलेली होते, म्हणून मला ऐकू आलं. अतियानं तो दुसरा शब्द सांगितला. ताईंना तो फोडून सांगावा लागला नाही. त्यांच्या हातात गूळ तसाच होता. "इतकी वर्षं मी रहमतभाईंना धुळीची गादी द्यायची आणि वर हा खडा," असं त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

"त्यांना सांग, अतिया. तुझ्यानं होत नसेल तर मी सांगते."

"नाही मॅडम. मीच सांगन."

पण म्हणणं सोपं. आज सांगीन, उद्या सांगीन करत ती महिनाभर थांबली. मग एका शनिवारी घरच्याच अंगणात ठोका मारता मारता रहमत माझ्यावर कोसळला. ओठ निळे पडले होते. रौशननं त्याला भिंतीला टेकवून बसवलं आणि पदरानं वारा घातला. श्वास परतायला बराच वेळ लागला. परतल्याबरोबर त्याचा हात मुठिया शोधू लागला.

अतियानं मुठिया आधीच उचलली होती. ती माझ्याशेजारी मातीत बसली आणि तिनं तांतीवर ठोके मारले. टुक टुक ढण टुक टुक.

रहमत थकलेलं हसला. "युनिव्हर्सिटी."

"नाही अब्बा. तो दुसरा शब्द होता. म्या खोटं सांगतलं."

"मंग कोनता?"

"तोडून सांगते. मधात रिव्हर्स हाये. इम्तियाजभाई टेम्पो रिव्हर्स घेतात ना, मांगं? तो. त्याच्या मांगं इबल. म्हंजे होऊ शकते. गाडी मांगं येऊ शकते."

"आन् पुढं?"

"पुढं इर्." तिनं मुठिया मातीत ठेवली. "इर् म्हंजे नाही."

रहमत तिच्याकडे पाहत राहिला. अंगणात कापूस अजून तरंगत होता. "कोनाची गाडी?" त्यानं विचारलं.

"तुमची छाती, अब्बा. बिघडली ते आता मांगं येत नाही. डाक्टर त्या शिकनाऱ्या पोरायले हेच सांगून राह्यले होते."

"कवा? तवाच? पह्यल्याच दिवशी?"

"हौ."

रौशन रडू लागली. रहमत रडला नाही. तो बोलला तेव्हा त्याचा तसा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता.

"छाती माही. शब्द माहा. डाक्टरले मालूम, त्या पोरायले मालूम, तुले मालूम. मलेच काहून नाही?"

"तुमाले भेव वाटंन म्हून नाही सांगतलं, अब्बा."

"वाटलं असतं," रहमत म्हणाला. "लय वाटलं असतं. पर धुनकी खाली ठेवली असती ना वं पोरी."

मित्रांनो, माझं सगळं आयुष्य ठोके खाण्यात गेलं. पण त्या वाक्यासारखा ठोका मला कधी बसला नाही. अतिया मातीत डोकं टेकून रडत होती आणि थोड्या वेळानं रहमतनंच हात लांब करून तिच्या डोक्यावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतः माझी तांत सोडली. गाठ जुनी होती, बोटांत जोर नव्हता, तरी त्यानं कोणाला हात लावू दिला नाही. मला त्यानं भिंतीला उभं केलं. त्यानंतर तो दर शनिवारी इम्तियाजच्या शेडच्या दारात जाऊन बसे आणि आत जाणाऱ्यांना सांगे की तोंडाला नीट कपडा बांधा, खिडक्या उघडा, गुळाच्या भरवशावर राहू नका. इम्तियाज चिडे. "चाचा, धंदा खराब करता तुमी माहा." आमिर हसून खिशातला गूळ दाखवी. पावसाळ्यात रहमतला दारापर्यंतही चालवेना. निजून श्वास घेता येत नसे म्हणून तो बसूनच झोपे. आश्विन लागायच्या आत तो गेला. ज्या माणसानं अख्ख्या तालुक्याला मऊ गाद्या दिल्या, त्याला शेवटचे दोन महिने पाठ टेकता आली नाही.

अतिया अमरावतीला गेली नाही. ती आर्णीतच मुलांची शिकवणी घेते आणि रौशन अजूनही खोळी शिवते, स्पंजच्या गाद्यांच्या. मी कोपऱ्यात असते. माझ्यावर कपडे वाळत घालतात. मला वाईट वाटत नाही.

मागच्या हिवाळ्यात एका शनिवारी आमिर दारात आला. छाती दाबून धरलेली. "अतियाबाजी, जुम्म्याले बरा होतो. आज मशीनपाशी गेलो आन् दम कोंडला. चाचाले असंच होत होतं काय हो?"

रौशननं घाईघाईनं म्हटलं, "नाही रे बाबा, थंडीचं असते तसं." अतियानं आईला थांबवलं. तिनं आमिरला बसवलं आणि सगळं सांगितलं. तोच लांब शब्द, इर्रिव्हर्सिबल, त्याचा पुढचा तुकडा, मधला तुकडा, मागचा तुकडा, आणि तो शब्द रहमतच्या छातीत कसा शिरला ते. आमिरच्या तोंडचं पाणी पळालं. दोन लहान लेकरं होती त्याला. "काम सोडून खाऊ काय?" तो म्हणाला.  तरी सोमवारी ती त्याला घेऊन यवतमाळला गेली.

तिथं काय झालं ते आमिरनं येऊन रौशनला सांगितलं. डॉक्टर नवे होते. आमिरला तपासून त्यांनी शेजारच्या डॉक्टरशी इंग्रजीत बोलायला सुरुवात केली. अतिया मधेच म्हणाली, "साहेब, त्यांच्याशी बोला. छाती त्यांची आहे."  डॉक्टर लाल झाले. मग खुर्ची ओढून आमिरसमोर बसले आणि साध्या मराठीत म्हणाले की धूळ आत्ता सोडली तर तुझी छाती अजून सुधारू शकते, उशीर केला तर नाही. आमिरनं मशीन सोडलं. आता तो बाजारात हमाली करतो. पोरांना कधी एकच वेळ पोटभर मिळतं. इम्तियाजनं त्याच्या जागी दुसरा गडी ठेवला आहे आणि अतिया अजून त्या शेडच्या दारात जाते.

मित्रांनो, मला तांत नाही, म्हणून मी वाजू शकत नाही, एवढं बोलू शकते. लांब शब्दाला भिऊ नका. तो तोडा, त्याचा भार कुठं पडतो ते ऐका, गाभा शोधा. आणि तो शब्द ज्याच्या अंगाचा आहे त्याला सगळ्यात आधी सांगा, त्याच्या भाषेत, त्याच्याजवळ बसून. त्याला वाईट वाटेल, तो रडेल, तुमच्यावर चिडेलही. चिडू द्या. रहमतला त्याचा शब्द दोन हंगाम उशिरा मिळाला, आणि त्या दोन हंगामांत मी त्याच्या हातात होते.